रिपोर्ट नॉर्मल, ग्राफ्ट तुंबलेला

बायपास झालेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. ब्लॉक किती होते, आणि खर्च किती आला. २०१३ पासून मी या दोन्हींची उत्तरं देत आले आहे. काय वापरून जोडलं, म्हणजे ग्राफ्ट (रक्ताची नवी वाट) कशाचे, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि मला तरी ते कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं.

डिस्चार्ज कार्डावर ते होतं. एकाच ओळीत: लिमा टू एलएडी, एसव्हीजी टू ओएम, एसव्हीजी टू पीडीए. परळच्या शाळेत जन्मभर गणित शिकवल्यामुळे अक्षरं दिसली की त्यांच्या जागी किंमत घालावीशी वाटते, पण तेव्हा खोकला आला तरी उशी छातीशी धरून बसायची वेळ होती. कार्ड प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये गेलं आणि फाईल कपाटात साड्यांखाली. २०२४ च्या पावसाळ्यात ती बाहेर काढली, तेव्हा त्या ओळीतला एक एसव्हीजी पूर्ण बंद होता आणि दुसरा जेमतेम चालला होता. त्याच सुमाराच्या रक्ताच्या रिपोर्टवर कोलेस्टेरॉलपुढे एकही लाल आकडा नव्हता.

त्या ओळीतलं लिमा म्हणजे छातीतली एक धमनी, आणि एलएडी, ओएम, पीडीए ही हृदयाच्याच तीन वाहिन्यांची नावं. एसव्हीजी म्हणजे पायातून काढलेली शीर. सॅफेनस नावाची ही लांब शीर घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत जाते. माझ्या डाव्या पायावर घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत तिची खूण आहे, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके असलेली. साडी नेसते म्हणून कुणाला दिसत नाही. बायपासनंतर छातीपेक्षा पायानेच मला जास्त छळलं. ओट्याशी उभी राहिले की संध्याकाळी पाय सुजायचा, आणि घोट्याच्या वर तळहाताएवढी जागा बधिर झाली ती आजही तशीच आहे. तिथे डास चावला तर समजत नाही, पण खाज मात्र येते. शीर काढताना तिला चिकटून जाणारा मज्जातंतू दुखावतो, त्यामुळे पुष्कळांना असं होतं. हे कळायलाही मला बरीच वर्षं लागली.

आता २०२४ चं सांगते. दादरहून भाजी घेऊन येताना पुलाच्या पायऱ्या चढले की खालच्या जबड्यात जडपणा यायचा. छातीत काहीच नाही. दोन मिनिटं थांबले की जायचा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, जुन्या ईसीजीशी ताडून पाहिला, "फरक नाही" म्हणाले आणि ॲसिडिटीची गोळी दिली. सोबत लिपिड प्रोफाईल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायला सांगितलं. रिपोर्ट आला: एकूण कोलेस्टेरॉल १६८, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १६०, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९२. एलडीएलच्या पुढे लॅबने छापलं होतं, १०० पेक्षा कमी. डॉक्टरांनी त्या ओळीवर बरोबरची खूण केली, अगदी आम्ही वहीवर करायचो तशी. बायपासनंतर मिळालेली ॲटोर्वास्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली, १० मिलिग्रॅमची गोळी चालू होती, ती तशीच पुढे ठेवली. एवढी वर्षं ती १० चीच होती, कारण दर वेळी आकडा रेंजमध्ये यायचा.

ह्यांना ते पटलं नाही. हे मुळात कमी बोलतात, पण त्या दिवशी मुलाला फोन लावला आणि परळच्या एका रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

हे डॉक्टर तरुण होते, माझ्या धाकट्याच्या वयाचे. माझी तक्रार ऐकायच्या आधी त्यांनी विचारलं, "काकू, ऑपरेशनचे कागद आणलेत?" फाईल दिली. त्यांनी ती ओळ वाचली, मग रिपोर्ट वाचला आणि ९२ भोवती पेनाने गोल काढला.

"ही रेंज सगळ्यांसाठी छापलेली असते. तुमच्या छातीत पायाची शीर धमनीचं काम करते आहे. तुमच्यासाठी हे जास्त आहे."

मी म्हटलं, "जास्त म्हणजे किती?"

"पंचावन्नच्या खाली हवं. आणि ते बरीच वर्षं खाली राहायला हवं होतं."

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने त्याच जुलैमध्ये देशातली पहिली लिपिड मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, त्यात आमच्यासारख्या अति जोखमीच्या पेशंटसाठी हाच आकडा आहे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तो २०१९ मध्येच दिला होता. म्हणजे आकडा नवा नव्हता, आमच्या गल्लीपर्यंत पोचला नव्हता इतकंच.

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढलं. ते चित्र मी फाईलमध्ये ठेवलं आहे. पायातल्या शिरेत रक्त सावकाश, अगदी कमी दाबाने वर चढत असतं. ते खाली उतरू नये म्हणून शिरेच्या आत जागोजागी झडपा असतात. म्हणून सर्जन शीर काढली की उलटी फिरवून जोडतात, नाहीतर त्याच झडपा रक्त अडवतील. शिरेचं एक तोंड महाधमनीला शिवलं की पहिल्याच ठोक्याला तिच्यावर धमनीचा दाब येतो. रोज ज्या भिंतीला आठ-दहाचा दाब सोसायची सवय, तिला एकदम १२०. भिंत त्या दाबाला तोंड द्यायला आतून जाड होते. बायपासनंतरच्या पहिल्या वर्षात हेच चालू असतं. त्याआधी, पहिल्या महिन्यात, धोका असतो तो गुठळीचा. त्यासाठी ॲस्पिरिन लगेच सुरू करतात आणि ती जन्मभर घ्यायची असते.

आणि वर्षानंतर पाळी येते कोलेस्टेरॉलची. जाड झालेल्या त्या अस्तरात एलडीएलचे कण शिरतात, अडकतात, तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं. त्यांना गिळायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात आणि चरबी खाऊन फुगून तिथेच बसतात. धमनीतही हेच होतं, पण तिला जे व्हायला कित्येक दशकं लागतात ते शिरेत काही वर्षांत उरकतं. नवल म्हणजे हीच शीर पायात राहिली असती तर तिला हा रोग झालाच नसता. तेच रक्त, तेच कोलेस्टेरॉल. फरक फक्त दाबाचा आणि जागेचा. मला हा भाग फार विचित्र वाटला. कोलेस्टेरॉल जिथे जातं तिथे साचतं, अशी माझी आणि बहुतेकांची समजूत असते.

"मग लिमाचं काय?" मी विचारलं. लिमा म्हणजे छातीच्या फासळ्यांमागून खाली उतरणारी डाव्या बाजूची धमनी. तिचं वरचं टोक जिथल्या तिथे ठेवतात आणि खालचं टोक सोडवून हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला शिवतात. ती मुळातच धमनी असल्यामुळे दाब तिच्या सवयीचा. तिच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड भरपूर सुटतं आणि त्याने भिंत सैल, गुळगुळीत राहते. शीर मात्र उपटून काढावी लागते. तिच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात, आणि गळती तपासायला सिरिंजने सलाइन भरून फुगवतात तेव्हाही आतलं अस्तर सोलवटतं. म्हणजे तिची सुरुवातच दुखापतीने होते. १० वर्षांनी शंभरातल्या नव्वदहून जास्त लिमा चालू असतात. शिरांमधल्या साधारण निम्म्या बंद पडतात.

निम्म्या हा आकडा ऐकून घरी सगळे गप्प झाले. मला मात्र त्यावर शंका आली. हा आकडा कधीच्या पेशंटचा? पायाची शीर वापरून बायपास करायची पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने अमेरिकेत क्लीव्हलँडला १९६७ मध्ये बसवली. आणि पहिलं स्टॅटिन, लव्हास्टॅटिन, अमेरिकेत मंजूर झालं १९८७ मध्ये. म्हणजे मधली २० वर्षं ज्यांना शिरा बसल्या त्यांना ही गोळीच नव्हती. त्यांची सरासरी माझ्यावर लावायची तर जपून लावावी लागेल. डॉक्टर हसले. म्हणाले, "बरोबर आहे, पण निम्म्यापैकी तुम्ही कुठल्या, ते आकड्यावरून नाही कळणार. बघावं लागेल."

बघायच्या आधी कागद लागला. डिस्चार्ज कार्डावर शिरा कुणाला जोडल्या ते होतं, पण महाधमनीवर त्यांची तोंडं कुठे आहेत ते ऑपरेशन नोटमध्ये असतं. काही सर्जन प्रत्येक तोंडाशी धातूची बारीक रिंग बसवतात, ती एक्स-रेत दिसते. माझ्या छातीत रिंग नव्हती. नोट नसेल तर अँजिओग्राफी करणारा अंदाजाने तोंड शोधत बसतो, डाय (वाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) जास्त जातो आणि तो सगळा किडनीला निस्तरावा लागतो. हे जुन्या रुग्णालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, इतकं जुनं रेकॉर्ड नाही. २००२ च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे भरती झालेल्या पेशंटचे कागद ३ वर्षं जपायचे असतात आणि कुणी मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. ३ वर्षं केव्हाच उलटलेली, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. पण छातीतली शीर १० वर्षांनी त्रास देणार हे ठाऊक असताना कागद ३ वर्षं ठेवायचे, हा हिशोब कुणी मांडला, ते मला त्या माणसाला विचारायचं होतं. ह्यांनी विचारलं नाही. हे कुणालाच काही विचारत नाहीत.

ट्रेडमिलच्या पट्ट्यावर मी फार वेळ टिकले नाही. जबडा जड झाला आणि ईसीजीची रेघ खाली बसली. "गणपतीच्या आधी करून घेऊ," डॉक्टर म्हणाले. आम्ही लालबागला राहतो. एकदा का रांगा लागल्या की आमच्या रस्त्यावर रिकामी टॅक्सी मिळत नाही, मग रुग्णवाहिकेचं काय घेऊन बसलात.

अँजिओग्राफी डाव्या मनगटातून केली. माझी समजूत होती की उजव्याच हातातून करतात. पण लिमा डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीतूनच फुटते, त्यामुळे तिच्यात शिरायला डावी बाजू सोयीची. कॅथलॅबमध्ये थंडी मरणाची. तिथली सिस्टर मला सारखी "आजी, आजी" करत होती, ते मला आवडत नाही, पण हात बांधलेला असताना माणसाने किती बोलावं. टेक्निशियन परळचाच निघाला. शाळेचं नाव ऐकलं तसा "बाई" म्हणायला लागला, मग जरा बरं वाटलं.

मान वळवली की पडदा दिसत होता. लिमा आधी दिसली. बारीक, सरळ, कडा एकसारख्या, रेघेने आखावी तशी. ओएमची शीर दिसलीच नाही. तिच्या तोंडाशी नुसतं काळं बोट उमटलं आणि संपलं. ती कधी बंद पडली कुणाला ठाऊक. डॉक्टर नंतर म्हणाले, ज्या वाहिनीत मुळात अडथळा कमी असतो तिला जोडलेली शीर लवकर बंद पडते, कारण मूळ वाटेनेच पुरेसं रक्त येत राहतं आणि शिरेतला प्रवाह मंदावतो. माझ्या त्या वाहिनीचं तेवढ्यावर भागत होतं, म्हणून तिने कधी तक्रार केली नाही. पीडीएची शीर मात्र चांगली रुंद होती, लिमापेक्षा किती तरी रुंद, आणि तिच्या कडा खालीवर झालेल्या. मधोमध एका जागी ती दोऱ्याएवढी झाली होती.

उजव्या बाजूची माझी मूळ वाहिनी पूर्ण बंद आणि कॅल्शियमने कडक झालेली. त्यामुळे हृदयाच्या खालच्या भागाचा सगळा भार या एका शिरेवर. पुन्हा बायपास करायची तर छातीचं हाड परत कापायचं, आणि त्या हाडाच्या मागेच लिमा चिकटलेली असते. चालू असलेली एकमेव चांगली वाट धोक्यात घालायची. म्हणून स्टेंट ठरला, आणि तोही शिरेतच.

शिरेत स्टेंट घालायचा म्हणजे धमनीतल्यापेक्षा वेगळं काम. शिरेतल्या साक्याला वरून घट्ट कवच नसतं. पावसाळ्यात चाळीच्या ओल धरलेल्या भिंतीचे पापुद्रे हात लावला की गळतात, तसं ते असतं. फुगा फुगवला की कण सुटून पुढे हृदयाच्या बारीक वाहिन्यांत जातात, आणि मुख्य वाट मोकळी होऊनही पुढे रक्त सरकत नाही. म्हणून आधी तारेच्या टोकाशी मिटलेली एक बारीक जाळी अडथळ्याच्या पलीकडे नेऊन उघडतात, मग स्टेंट लावतात, आणि जाळी मिटून बाहेर काढतात. प्रत्येक शिरेत ती बसेलच असं नाही. माझ्या शिरेत पुढे सरळ जागा होती.

फुगा फुगला तेव्हा जबड्यात तेच जडपण आलं, पुलावरचं. मी म्हटलं, "हेच, हेच ते." डॉक्टर म्हणाले, "मग जागा बरोबर आहे."

काम झाल्यावर त्यांनी स्टीलच्या वाटीत सलाइनमध्ये धुतलेली ती जाळी मला दाखवली. तळाशी पिवळसर पांढरे कण होते, मोहरीपेक्षा बारीक, दोन-तीन जरा मोठे. वाटी हलवली की ते तळाशी सरकत होते. रिपोर्टवरचं ९२ मी कितीदा वाचलं असेल, पण ते हे असतं हे तिथे पाहिलं. सूनबाईला नंतर वर्णन सांगितलं तर तिला मळमळलं.

बिलाबद्दल थोडक्यात. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, त्याचा फायदा झाला. जाळीचे पैसे वेगळे लागले, आणि विमा कंपनीने ते आधी नाकारले. डॉक्टरांनी शिरेतल्या कामाला ती का लागते याचं पत्र दिलं, मग मंजूर झाले. कुणावर अशी वेळ आली तर ते पत्र डिस्चार्जच्या आधीच मागून घ्यावं, नंतर डॉक्टर सापडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी राउंडला आले तेव्हा डॉक्टर जे म्हणाले ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "काकू, स्टेंट इंचभर आहे. शीर वीतभर आहे. मी इंचभर दुरुस्त केलंय." बाकीच्या शिरेत तोच रोग, तेच रक्त वाहणार. स्टेंटसाठी ॲस्पिरिनच्या जोडीला दुसरी रक्त पातळ करणारी गोळी वर्षभर. उरलेल्या शिरेसाठी एकच उपाय, एलडीएल खाली आणणं.

मी विचारलं, मग १० ची गोळी २० ची करायची का? इथे त्यांनी जो हिशोब सांगितला तो मला फार आवडला. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. पुन्हा दुप्पट केला की पुन्हा ६. म्हणजे १० वरून ८० वर गेलं तरी जादा मिळतात १८ टक्के. त्यापेक्षा आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं रोखणारी इझेटिमाईब जोडली की एका गोळीत २० टक्क्यांच्या आसपास घट मिळते. म्हणून त्यांनी जुनी गोळी बंद करून रोसुवास्टॅटिन २० आणि इझेटिमाईब १० दिली. वर्गात असं उदाहरण मिळालं असतं तर टक्केवारीचा धडा मुलांनी जन्मात विसरला नसता.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हाच एक मेसेज फिरत होता की कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांचं थोतांड आहे, अर्जुनाची साल उकळून प्या. मी वाद घालत नाही. पण मुलाने मला १९९७ चा एक अभ्यास शोधून दिला होता, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला, तो मी ग्रुपवर टाकला. शिरेचे ग्राफ्ट असलेल्या १३५१ पेशंटवर केलेला. अर्ध्यांचं एलडीएल लव्हास्टॅटिनने १०० च्या खाली उतरवलं, अर्ध्यांचं १३०-१३५ च्या आसपास ठेवलं. काही वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी केली. पहिल्या गटात २७ टक्के ग्राफ्टमध्ये रोग वाढला होता, दुसऱ्या गटात ३९ टक्के. त्याच अभ्यासात कमी डोसचं वॉर्फरिनही तपासलं, त्याचा ग्राफ्टला काही उपयोग दिसला नाही. नुसतं रक्त पातळ करून भागत नाही, इतकं त्यातून मला कळलं. ग्रुपवर दोन अंगठे आले आणि लगेच कुणीतरी 'शुभ प्रभात' टाकलं.

पण २७ हा आकडाही मी लक्षात ठेवते. गोळी घेऊनही शंभरातल्या २७ ग्राफ्टमध्ये रोग वाढलाच.

खाण्यापिण्याचं सगळे विचारतात, म्हणून सांगते. आमचं मूळ मालवणकडचं, घरात ओल्या खोबऱ्याशिवाय पान हलत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी अंड्यापेक्षा खोबऱ्यावरच बोट ठेवलं. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतं. खाण्यातल्या संपृक्त चरबीने यकृताची एलडीएल रक्तातून काढून घ्यायची ताकद कमी होते, आणि खोबरेल तेलातली जवळजवळ ९० टक्के चरबी संपृक्त असते. आता बांगड्याचं तिखलं करते, त्याला खोबरं लागतच नाही. सोलकढी सणावाराला. उकडीच्या मोदकांना मात्र मी कुणाला नाही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. पण नुसत्या पथ्याने ९२ चे ५५ होत नाहीत, हे बाईंनी स्वतःच सांगितलं, ते मला प्रामाणिकपणाचं वाटलं.

गोळी बदलल्यावर मांड्या दुखायला लागल्या. शेजारणीने लगेच सांगितलं, स्टॅटिन सोड. डॉक्टरांनी फोनवरच बजावलं, स्वतःहून बंद करायची नाही. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी, केली, ठीक निघाली. थायरॉईडही तपासलं, कारण ते मंद असेल तर स्नायू दुखतात आणि एलडीएलही चढतं. तेही ठीक. दुखणं शेवटी गुडघ्याचंच निघालं, आणि गुडघ्याला मी ओळखते.

दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. एकूण १२१, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड ११०. एलडीएल मी स्वतःच काढून पाहिलं: ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचं, २२. १२१ मधून ४५ आणि २२ वजा केले, ५४. लॅबचा आकडाही ५४. शेजारी छापलेली रेंज अजून तीच, १०० पेक्षा कमी. त्या लॅबला मी पत्र लिहिलं होतं की निदान 'हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारा' एवढी ओळ खाली छापा. उत्तर आलं नाही.

याच वेळी डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करून घेतली, लायपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तातल्या एलडीएलसारख्याच एका कणाची. आयुष्यात एकदा केली तरी चालते, कारण तो आकडा जन्मतः ठरलेला असतो. पथ्याने हलत नाही आणि स्टॅटिनने खाली येत नाही. ५० च्या वर जास्त समजतात. माझा ८८ निघाला. म्हणजे माझ्या एलडीएलला सूट द्यायची जागाच नाही. पुढेमागे ५४ पुन्हा वर सरकलं तर वर्षातून दोनदा घ्यायचं इन्क्लिसिरनचं इंजेक्शन आहे, पण त्याची किंमत ऐकून ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. सध्या तरी गरज नाही.

हा आकडा आईबापांकडून मुलांना जातो, म्हणून दोन्ही मुलांना तपासायला लावलं. थोरल्याचा कमी आला. धाकट्याचा ७० च्या वर. तो चाळिशीत आहे, रोज शिवाजी पार्कला धावतो, पोट नाही, सिगारेट नाही. त्याचं एलडीएल १३८, आणि त्याच्या ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये त्यावर 'किंचित जास्त, आहार नियंत्रण' असा शेरा होता. तो म्हणाला, "आई, मला काही होत नाहीये." मी त्याला डॉक्टरांनी काढलेलं चित्र दाखवलं नाही की भाषणही दिलं नाही. ५४ चा रिपोर्ट आणि त्याचा रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्याच डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. त्याने कुरकुर केली, पण गेला. आता त्याचीही रोसुवास्टॅटिन सुरू आहे, १० ची. तीन महिन्यांनी त्याची लिपिड तपासणी आहे, माझीही त्याच दिवशी, म्हणजे लॅबचा माणूस घरी एकदाच येईल.